गुरुवारची घासलेली चांदी

एल्क फोर्क, विस्कॉन्सिन
गुरुवार, १७ फेब्रुवारी १९९४

प्रिय विनी,

काल कपाळाला राख लावताना फादर म्हणाले, या उपवासकाळात काहींनी जिभेला उपास घडवावा. माझ्याकडे बघूनच म्हणाले. एक दिवस पाळला. आज मोडते आहे, कारण प्रसंगच तसा आहे.

कोणीतरी चांदी घासतंय!

माझा गुरुवार तुला ठाऊक आहे. बँकेत जायचं, अर्ध्या डॉलरच्या नाण्यांचे, कागदात गुंडाळलेले, असतील नसतील तेवढे रोल विकत घ्यायचे, घरी तळघरातल्या टेबलावर फोडायचे आणि एकेकाची कड बघायची. कडेला तांब्याची रेघ दिसली की टाकाऊ. कड सगळी पांढरी असली की चौसष्ट सालचं किंवा त्याआधीचं, म्हणजे चांदीचं. टाकाऊ नाणी मी वीस मैलांवरच्या दुसऱ्या बँकेत भरते. जिथून घ्यायची तिथेच परत ओतायची नाहीत, एवढी अक्कल या छंदातल्या प्रत्येकाला असते. तुझा लिओ, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, म्हणायचा, ‘बायका म्हातारपणी गोधड्या शिवतात, ही बँक उसवते.’

गेले अकरा महिने एकही पांढरी कड नव्हती. जानेवारीत तुला लिहिलंच होतं की ईस्टरनंतर हे सगळं बंद करते. आणि गेल्या तीन गुरुवारी आठ निघाली! हाताने गुंडाळलेल्या रोलमध्ये, साध्या नाण्यांच्या मधोमध दोन-तीन. आणि सगळी घासलेली. आरशासारखी. त्यात एक अडतीस सालचं डेन्व्हरच्या टाकसाळीचं आहे. असं नाणं बघायला मिळावं म्हणून लोक आयुष्यभर रोल फोडतात. जुन्या नाण्यावरचा काळपटपणा म्हणजे त्याची कातडी. ती सोलली की दुकानदार त्याला धातूच्या भावाने तोलतो. ज्या कोणी हे केलं तिला किंवा त्याला माझ्यासमोर पाच मिनिटं उभं करा, एवढीच प्रार्थना आहे.

पण राग बाजूला ठेवू. चांदीचं नाणं आज निदान चौपट किमतीला जातं. शहाणं माणूस ते अर्ध्या डॉलरला बँकेत का भरेल? भरणार नाही. भरतो तो चोर. कुठल्यातरी म्हातारीच्या घरात नाण्यांचा डबा आहे, आणि कोणीतरी तो आठवड्याला दोन-दोन, तीन-तीन करून रिकामा करतंय. घासायचं कशाला? खिडकीवरच्या मुलीला नवी वाटावीत म्हणून.

खिडकीवरच्या पॅमला विचारलं. ती म्हणाली, “वॉर्नकेबाई, गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं तर माझी नोकरी जाईल.”

म्हटलं, “अगं, वजनमापं खात्यात एकतीस वर्षं काढली मी. भलेभले खाटीक बोलते केलेत.”

“मी खाटीक नाही,” ती म्हणाली.

आठही नाणी वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. ती माझी नाहीत. डबा रिकामा व्हायच्या आत ती म्हातारी मी शोधून काढणार.

तुझी,
हिल्डी

●

मेरिडन
मंगळवार, २२ फेब्रुवारी

प्रिय हिल्डी,

पत्र मिळालं. फोन नको करूस, फोनवर मला आता फक्त मधमाश्या ऐकू येतात. बुधवारी मी घरी नसतेच, ज्येष्ठांच्या बसने कानाच्या डॉक्टरांकडे जाते.

अकरा महिन्यांनी तुला चांदी सापडली आणि तू तीन पानं नुसती रागावलीस. एक ओळसुद्धा आनंदाची नाही. पांढरी कड दिसली तेव्हा हात थरथरला का गं? मागे तू लिहायचीस की थरथरतो.

मला नाण्यांतलं कळत नाही. पण घासणाऱ्याला कदाचित एवढंच वाटलं असेल की ज्याच्या हाती जाईल त्याला ते चांगलं दिसावं. सगळेच घासणारे चोर नसतात. आपण दोघी किती घासत होतो!

गुडघा कसा आहे? मी प्लमचा मुरंबा केला होता, पण तू लगेच उलट दोन बाटल्या पाठवतेस, म्हणून पाठवला नाही.

तुझी,
विनी

●

एल्क फोर्क
गुरुवार, ३ मार्च

प्रिय विनी,

तू कधीकधी नकळत फार उपयोगी पडतेस. ‘आपण दोघी किती घासत होतो’ हे वाचलं आणि मी सरळ तळघरात जाऊन मोठं भिंग काढलं. आता नाणी चौदा आहेत. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या झग्याच्या चुण्यांमध्ये पांढरी पूड अडकली आहे. मी ती सुईने काढून जिभेवर ठेवली. खडू आणि व्हिनेगर!

आठवते सिस्टर युफेमिया? शनिवारची दुपार, वेदीवरचे पेले, खडूची पूड, व्हिनेगरचे तीन थेंब आणि फ्लॅनेलचा तुकडा. ‘मुलींनो, देवाला डागाळलेलं देऊ नये.’ असं घासायला दुसरीकडे कुठेही शिकवत नव्हते. मग चोर नुसता चोरतो. घासणारी आहे ती म्हातारी, आणि ती आपल्या शाळेची आहे!

आता हिशेब सरळ आहे. आपल्या वर्गातल्या चौघी उरल्या. रोझमंड फ्लोरिडात ऊन खाते आहे. मी मी आहे. तुझ्या घरात नाणी टिकणं शक्य नाही, लिओच्या खिशातून सुटे पैसे दुपारपर्यंत जायचे. उरली इमेल्डा ग्रॅबोव्स्की. तिचा स्टॅन गुत्ता चालवायचा आणि गल्ल्यात आलेलं प्रत्येक अर्धं डॉलर बिस्किटांच्या डब्यात टाकायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इमेल्डा अर्धांगाचा झटका आल्यापासून अंथरुणावर आहे. आणि तिला सांभाळायला गेल्या शरद ऋतूपासून डार्लीन नावाची एक बाई येते.

मी इमेल्डाशी तीस वर्षं बोललेले नाही, ते तिच्या वागण्यामुळे. पण चोरी म्हणजे चोरी. पुढच्या शुक्रवारी जाते.

तुझी,
हिल्डी

●

मेरिडन
सोमवार, ७ मार्च

प्रिय हिल्डी,

इमेल्डाला भेटायला जाते आहेस हे छान. नुसती भेट. तिच्यासाठी केक ने आणि डब्याचा विषय काढू नकोस.

डार्लीनला मी ओळखत नाही. तूही ओळखत नाहीस. म्हातारं माणूस सांभाळण्याचं काम पोटासाठीच केलं जातं, आणि त्यात नावाशिवाय दुसरं भांडवल नसतं. एकदा बोट दाखवलंस की ते परत घेता येत नाही.

आणि एक विचारते. नाणी देणाऱ्या माणसाला त्यांची खरी किंमत ठाऊक असेल, असं होऊच शकत नाही का? तुला सगळं कळतं म्हणून विचारते.

ईस्टरपर्यंत काही करू नकोस. माझ्यासाठी.

तुझी,
विनी

●

एल्क फोर्क
शनिवार, १२ मार्च

प्रिय विनी,

नाही, होऊ शकत नाही. किंमत ठाऊक असलेलं माणूस चांदी अर्ध्या डॉलरला देत नाही. हा विषय संपला.

इमेल्डाकडे जाऊन आले. केक नेला होता. ती मला बघून म्हणाली, “हिल्डेगार्ड, तू म्हातारी झालीस.” म्हटलं, “तू आडवी झालीस.” ती इतकी हसली की खोकला लागला. तीस वर्षं आम्ही कशावरून अबोला धरला होता ते दोघींनाही नीट आठवेना, पण ते राहू दे.

मी विचारलं, “स्टॅनची नाणी कुठे आहेत गं?”

“पलंगाखाली. बिस्किटांच्या डब्यात. जातात कुठे?”

मी गुडघ्यावर बसले. या गुडघ्यावर! डबा होता. झाकण उघडलं. आत बटणं आणि एक जपमाळ. एक नाणं नाही!

तेवढ्यात दारात डार्लीन. हातात सूपचा वाडगा. “काय शोधताय बाई? मला सांगा, मी देते काढून.”

“तुला ठाऊक आहे वाटतं पलंगाखाली काय आहे?” मी म्हटलं.

“धूळ असते. रोज मीच काढते.”

अशी तोंडावर उत्तरं. मी इमेल्डाला काही सांगितलं नाही, तिचा रक्तदाब आधीच वर आहे. पण तिचा मुलगा रॉजर उपवासकाळात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरातल्या मासळीच्या जेवणाला मासे तळायला असतो. येत्या शुक्रवारी तिथे त्याला गाठून सांगणार. आता नाणी सतरा झाली आहेत. ती मी त्याच्या हातात देईन.

सिद्ध झालं ना? तुला मुळात माझ्यावर भरवसाच कमी.

तुझी,
हिल्डी

●

मेरिडन
सोमवार, १४ मार्च
(तातडीने)

हिल्डी,

रॉजरशी बोलू नकोस. नाणी माझी आहेत. मीच भरते.

लिओची आहेत. तो लग्नांतून अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा तेव्हा लोक वाद्याच्या उघड्या पेटीत अर्धी डॉलरं टाकायचे. घरखर्चाला तो नोटा द्यायचा आणि नाणी पेटीच्या अस्तरात ठेवायचा. तो गेल्यावर पेटी विकायला काढली, तेव्हा अस्तर फाटलं आणि अडतीस नाणी माझ्या मांडीत पडली. त्यातली काही तुझीही असतील. तू प्रत्येक लग्नात त्याला पोल्का वाजवायला लावायचीस.

तू जानेवारीत लिहिलंस की सगळं बंद करते, आता बघण्यासारखं काही उरलं नाही. त्या पत्राने मला भीती वाटली. तुझ्या गुरुवारखेरीज तुझ्याकडे मला सांगण्यासारखं काही नसतं, आणि आता आपल्यात बोलणं म्हणजे पत्रंच. नाणी तुला सरळ दिली असती तर तू घेतली नसतीस. मुरंबा घेत नाहीस. माझे कानाचे डॉक्टर तुझ्याच गावात आहेत. गावातल्या बँकेत अर्धी डॉलरं मागणारी तू एकटीच. म्हणून इथल्या बँकेतून साधा रोल घ्यायचा, दोन-तीन लिओची घालायची, पुन्हा गुंडाळायचा आणि बुधवारी तुमच्या खिडकीवर द्यायचा. गुरुवारी तू येणारच. पॅमला यातलं काही ठाऊक नाही.

घासली, कारण भेट डागाळलेली देऊ नये. घासल्याने किंमत जाते हे तुझ्या पहिल्या पत्रातून कळलं. तोवर सगळीच घासून झाली होती.

डार्लीनचं नाव घेऊ नकोस.

विनी

●

एल्क फोर्क
गुरुवार, १७ मार्च

विनी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी रॉजरला रविवारीच सांगितलं होतं. मासळीच्या शुक्रवारपर्यंत थांबणार होते, पण मिस्सेची प्रार्थना संपल्यावर तो चर्चच्या पायऱ्यांवरच भेटला आणि मला थांबवेना. सोमवारी सकाळी त्याने डार्लीनला काढून टाकलं. नाणी मात्र घेतली नाहीत. म्हणाला, “तुमच्याकडेच राहू द्या.” मला तो सज्जनपणा वाटला.

काल पत्र वाचलं आणि तशीच डार्लीनच्या घरी गेले. गॅरेजच्या वरची एक खोली. ती दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी म्हटलं, चूक झाली, नाणी दुसऱ्याच कोणाची होती. सतराच्या सतरा पुढे केली, म्हटलं, ठेव.

ती म्हणाली, “तुमची चांदी नको बाई मला. माझं नाव तुम्ही चर्चच्या पायऱ्यांवर टाकलंत. ते आणून द्या.” आणि दार लावलं.

आता तुझ्याशी. दीड महिना तू दर बुधवारी माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर होतीस आणि माझं दार वाजवलं नाहीस! सरकार उन्हाळ्याआधी तळ्यात पाळलेले मासे सोडतं आणि बाहेरगावचे लोक गळ टाकून मिशीला पीळ देतात, त्यांना मी हसते. तू मला त्या तळ्यावर बसवलंस. मी भिंगातून बघत होते, तर्क करत होते, तुला पानं लिहीत होते, आणि तू सगळं जाणून ‘गुडघा कसा आहे’ विचारत होतीस. पहिल्याच पत्राला खरं सांगितलं असतंस तर आज एक बाई कामावर असती.

नाणी शनिवारी रजिस्टर्ड टपालाने परत येतील.

हिल्डेगार्ड वॉर्नके

●

मेरिडन
सोमवार, २१ मार्च

हिल्डी,

पाकीट पोस्टमनने आणलं. मी सही केली नाही. तुझ्याकडे परत येतंय.

मी आधी सांगायला हवं होतं. ते पाप माझं, आणि मी ते शनिवारी फादरना सांगितलं. पण तुझं तू मला देऊ नकोस. मी तुला थांब म्हटलं होतं. तू लिहिलंस, विषय संपला. अठ्ठावन्न वर्षं तू विषय संपवत आली आहेस आणि मी संपू दिले, कारण तू बहुतेक वेळा बरोबर असायचीस आणि बाकीच्या वेळी मोठ्याने बोलायचीस.

मला किंमत ठाऊक होती. लिओने ऐंशी साली मला पेपर वाचून दाखवला होता, जानेवारीत चांदीचा भाव कुठे गेलाय बघ, लोक घरातली विकतायत म्हणून. सगळं गाव चमचे घेऊन धावलं. आम्ही धावलो नाही. मला पुरेपूर ठाऊक होतं की काय आहे ते, आणि तेच मी तुला देत होते. हे तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. चोर आला, म्हातारी आली, इमेल्डा आली. कोणीतरी जाणूनबुजून तुला काही देईल, एवढंच आलं नाही.

आणखी एक. चोर डार्लीन नाही, मीही नाही. मग इमेल्डाचा डबा रिकामा कोणी केला? एकतीस वर्षं तराजू तपासलेस. एक पारडं बघायचं राहिलं.

विनी

●

एल्क फोर्क
रविवार, २७ मार्च

प्रिय विनी,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

‘ऐंशी साली सगळं गाव चमचे घेऊन धावलं.’ हे वाक्य मीच लिहायला हवं होतं. ज्याला चांदीतलं काही कळतं त्याला आधी ते साल आठवतं. मला आठवलं नाही, कारण माझ्याकडे चोर आधीच तयार होता.

गुरुवारी बँकेत गेले नाही. इमेल्डाकडे गेले. रॉजर तिला भरवत होता, दुसरी बाई मिळाली नाही म्हणून. मी पलंगाच्या कडेला बसले आणि विचारलं, “रॉजर, तू ती बर्फावरची मोटार कोणत्या साली घेतलीस रे? पिवळी होती ती.”

त्याचा चमचा तसाच राहिला. इमेल्डानेच उत्तर दिलं. “ऐंशी साली. स्टॅन गेला त्या हिवाळ्यात. अख्ख्या रस्त्यावर पहिली.”

“पैसे कुठून आले गं?”

रॉजर आईकडे बघेना. शेवटी म्हणाला, “मॉम, तुझ्या डब्यातले. तेव्हा मी पंचवीसचा होतो. परत भरणार होतो.”

चौदा वर्षं त्याने तो डबा उघडला जाईल म्हणून श्वास रोखून धरला होता, आणि मी पायऱ्यांवर त्याला आयती डार्लीन आणून दिली. म्हणून त्याला माझी नाणी नको होती. इमेल्डाने चमचा बाजूला सारला. मग म्हणाली, “मूर्खा, मागितली असतीस तर दिली असती. जा, त्या बाईला बोलाव.”

तो गेला. डार्लीनने सांगितलं, येईन, पण आधी वॉर्नकेबाईंचं काम राहिलंय.

म्हणून शुक्रवारी मी चर्चच्या तळघरात गेले. सव्वाशे माणसं, तळलेले मासे, बटाट्याचे थालीपिठासारखे वडे, ब्रँडीचे ग्लास. मी खुर्चीवर चढले नाही, गुडघा दुखतो. पण माझा आवाज तुला ठाऊक आहे. तुझ्या कानांनाही गेला असता. मी म्हटलं, “डार्लीन प्रुइट या बाईवर मी चोरीचा आळ घेतला. तो खोटा होता. तिने कधीच काही घेतलं नाही. मी खात्री न करता बोलले, आणि रॉजरलाही काही सांगायचं आहे.” रॉजरने कढईकडे पाठ करून सांगितलं. त्याचे मासे करपले. कोणी तक्रार केली नाही.

डार्लीन मागच्या टेबलावर होती. तिने डोकं जरासं हलवलं. माझ्याजवळ आली नाही, हसली नाही. उद्या सोमवारपासून कामावर येणार, तासाला डॉलरभर जास्त पगारावर. ते तिने स्वतः मागून घेतलं. मला ती बाई आवडू लागली आहे, पण तिला मी आवडावं असं काही कारण नाही.

आता तुझी नाणी.

पाकीट काल परत आलं. मी ते पुन्हा टपालात टाकायला निघाले, कोट घातला, बूट घातले. मग दारातच उभी राहिले. मला कोणी काही दिलं की मी त्याच दिवशी काहीतरी परत करते, कारण देणं-घेणं बरोबरीत राहिलं की माणूस मोकळा राहतो, असं मी समजत आले. वजनमापांच्या खात्यात हा गुण आहे. पण लिओ ज्या लग्नांत वाजवायचा तिथे मी नाचले, तेव्हा त्या पेटीत मी नाणं टाकलं की नाही मला खरंच आठवत नाही. बहुधा नाही.

कोट काढला. सतरा नाणी टेबलावर मांडली. पुढच्या गुरुवारी उरलेल्यांतली काही रोलमध्ये निघाली तर तीही घेईन. आणि रोल फोडायचं बंद करत नाही. बस साडेनऊला येते. यापुढे बुधवारी डॉक्टरांचं झालं की सरळ माझ्याकडे यायचं. मुरंबा आण. एकच बाटली. मी उलट काही देणार नाही.

विनी, नाणी मिळाली. मी ती ठेवून घेते आहे. चूक माझी होती. हे पत्र जपून ठेव. असं दुसरं माझ्याकडून कधी निघालेलं नाही.

तुझी,
हिल्डी